आधी दाराखालची फट मोजा, मग औषधाचं बोलू

प्रश्न: दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. पाचवी ते दहावी, साडेसहाशे मुलं. पोषण आहार शाळेतच शिजतो. पाचवीत ९० आणि सहावी ते आठवीत मिळून २७० मुलं जेवतात. कोठीखोलीत उंदीर पोती फोडतात, स्वयंपाकघरात झुरळं आहेत, ऑफिसच्या जुन्या दप्तराला वाळवी लागली आहे. गेल्या पावसाळ्यात आठवीतल्या दोघांना डेंग्यू झाला. दर दोन-तीन महिन्यांनी आमचे शिपाईमामा घरचा पाठीवरचा पंप आणून शनिवारी शाळा सुटल्यावर सगळीकडे औषध मारतात. सोमवारी वर्गात वास असतो, काही मुलींचं डोकं दुखतं आणि महिन्याभरात झुरळं पुन्हा हजर. आता सोलापुरातल्या एका ठेकेदाराने दरमहा फवारणीच्या वार्षिक कराराचा कागद पाठवला आहे. संस्था म्हणते, सही करून टाका. करू का?

उत्तर:

बाई, सप्रेम नमस्कार.

सही थांबवा. पण त्याच्याही आधी एक काम आजच्या आज करा. मामांना शेजारी बसवून घ्या आणि पंपात काय घालतात ते नीट विचारा. रागावू नका, त्यांनी शाळेसाठीच केलंय. बाटली बघायला मागा. डाळिंबावर किंवा तुरीवर मारायचं औषध असेल, तर ते शाळेच्या इमारतीत वापरायचं नसतंच. शेतातलं औषध उन्हात, वाऱ्यात, पावसात विरून जाईल या हिशोबाने बनवलेलं असतं. बंद वर्गात ऊन नाही, वारा नाही. ते बाकावर, फरशीवर, भिंतीच्या खालच्या तीन फुटांत बसून राहतं, आणि मुलांचे हात नेमके तिथेच असतात. सोमवारी येणारा वास बहुतेक त्यातल्या रॉकेलसारख्या द्रावकाचा असतो. वास गेला म्हणजे औषध गेलं, असं होत नाही.

बाटलीवरच्या तिरक्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग बघा. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्या खुणेची एकही बाटली शाळेच्या आवारात नको, अगदी मामांच्या खोलीतसुद्धा. झुरळांवर म्हणून पूर्वी सर्रास मिळायचं ते डायक्लोरव्हॉस, दुकानदार त्याला नुवान म्हणायचे, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनी बाटली कुठे माळ्यावर पडली असेल तर शोधा.

आणि रिकामा डबा. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. हे औषध आपल्याकडच्या शेतकऱ्याला चांगलं ओळखीचं आहे. म्हणून आमचा आग्रह राहील की स्वयंपाकघरात आणि कोठीखोलीत कुठलंही कीटकनाशक, त्याचा पंप, त्याचं माप, त्याचा धुतलेला डबा, काही म्हणता काही ठेवलेलं असू नये. तेलाचा डबा कंपनीच्या सीलसकट यावा आणि सील स्वयंपाकाच्या मावशींनी स्वतः फोडावं. मुलांच्या आधी चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची पद्धत आहे, ती खरोखर चव घेऊनच पाळा. वास किंवा चव वेगळी लागली आणि मावशी तसं म्हणाल्या, तर त्या दिवशीचं जेवण थांबवायचा अधिकार त्यांना द्या. तसं सगळ्यांसमोर सांगून ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. दरमहा फवारणी केल्याने झुरळ, उंदीर, डास कमी का होत नाहीत? कारण तिघांना लागणारं पाणी, खाणं आणि आडोसा शाळेत तसंच राहतं. आपल्या भागातला जाणता डाळिंबवाला आता कॅलेंडर बघून औषध मारत नाही. आधी सापळे लावतो, किडी मोजतो, आकडा नुकसानीच्या पातळीवर गेला तरच पंप काढतो. याला शेतीत एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात, आणि शाळेत करायचं ते हेच. तुमच्या पालकांत निम्मे शेतकरी असतील. शिक्षक-पालक सभेत हा शब्द वापरलात तर वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

सुरुवात कोठीखोलीपासून करा, कारण तिथे सगळे येऊन मिळतात.

तुमचा हिशोब मांडून बघा. पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ. म्हणजे ९ किलो अधिक साडेचाळीस किलो. रोज जवळजवळ एक पन्नास किलोचं पोतं. महिन्याला चोवीस पोती, आणि दोन महिन्यांचा साठा एकदम आला तर अठ्ठेचाळीस. ही थप्पी भिंतीला चिकटून जमिनीवर रचलेली असणार, आणि नवी आवक जुन्याच्या वर किंवा पुढे. मग होतं काय, की मागची, तळाची पोती महिनोन्महिने हलत नाहीत. उंदराला भिंत आणि पोतं यांच्यामधली अंधारी गल्ली मिळते. तांदळातल्या सोंडकिड्याचं अंड्यापासून भुंग्यापर्यंतचं चक्र पावसाळ्याच्या उबदार हवेत साधारण महिन्याभराचं असतं, म्हणजे तळाच्या पोत्यात एक अख्खी पिढी तयार होऊन वरच्या पोत्यांत चढते.

म्हणून पोती लाकडी पाटांवर, जमिनीपासून सहा इंच वर ठेवा. भिंतीपासून दीड ते दोन फूट सोडा, इतकं की झाडू घेऊन माणूस मागून फिरू शकेल. प्रत्येक पोत्यावर जाड मार्करने आवक तारीख लिहा आणि जुनी तारीख आधी काढा. नवी पोती आली की ती मागे, जुनी पुढे. हमालाला हे पटत नाही, कारण कष्ट वाढतात. त्यामुळे गाडी येईल त्या दिवशी कोणीतरी उभं राहिलंच पाहिजे. उघडलेलं पोतं उघडं ठेवू नका. शंभर किलोची घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी घ्या, डाळीला दुसरी. प्लास्टिकचं पिंप उंदीर एका रात्रीत कुरतडतो.

किडलेला तांदूळ आला तर? सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, त्यामुळे धुऊन किंवा चाळून वरचे किडे जातात, आतल्या अळ्या तशाच राहतात. ताडपत्रीवर दोन इंचांचा थर पसरून कडक उन्हात दोन-तीन तास ठेवला की किडे बाहेर पडतात. फार तापवला तर तांदूळ मोडतो, म्हणून मधेमधे हलवत राहा. कडुलिंबाचा वाळलेला पाला पोत्यांमध्ये घालायला हरकत नाही, किडे थोडे दूर राहतात. लागलेली कीड त्याने जात नाही. धान्यात टाकायच्या कसल्याही गोळ्या मात्र नकोत. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडते, तो जीवघेणा आहे आणि त्याच्यावर उतारा नाही. गोदामवाला वापरतो म्हणून शाळेने वापरायची ती गोष्ट नव्हे. पोतं आलं तेव्हाच किडकं असेल तर ते उतरवून घेऊ नका, पावतीवर शेरा मारून परत पाठवा. हा तुमचा हक्क आहे.

उंदराचं काम तीन पायऱ्यांचं: कोण आहे ते ओळखणं, वाट बंद करणं, आतला पकडणं. बहुतेक शाळा थेट तिसरीला हात घालतात आणि तीही विषाने.

ओळखायला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी कोठीखोलीच्या भिंतीकडेने खडूची भुकटी वीतभर रुंद पट्ट्यात पातळ पसरा. फळ्याखालच्या पन्हाळीत ती ढिगाने मिळते. सकाळी आडव्या उजेडात बॅटरी धरून बघा. पावलांचे ठिपके आणि मधून शेपटीची रेघ, ती कुठून येते आणि कुठे जाते ते स्पष्ट दिसतं. लेंडीही बोलते. तांदळाच्या दाण्याएवढी, टोकदार, म्हणजे छोटा घरउंदीर. अर्ध्या इंचाची म्हणजे मोठा. काळी चकचकीत असेल तर ताजी, राखाडी आणि भुसभुशीत असेल तर जुनी. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीचचं द्रावण शिंपडून दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा, हातमोजे घालून. बाहेर जोत्याशी बिळं असतील तर संध्याकाळी प्रत्येकात चुरगाळलेला कागद कोंबा. सकाळी ज्यांतला कागद बाहेर ढकललेला दिसेल, ती जिवंत बिळं. मोठं बीळ आणि समोर मातीचा ढीग असेल तर ती घूस आहे, तिला छोटा पिंजरा पुरत नाही.

वाटा शोधताना शाळेतली साधी पेन्सिल हातात घ्या. दाराखालून पेन्सिल सरकली, तर छोटा उंदीरही सरकतो. त्याला सहा मिलिमीटर पुरतात. मोठ्याला अंगठा जाईल एवढी फट पुष्कळ. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे ती काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि या ओढाताणीत जोत्याभोवतीचं काँक्रीट भिंतीपासून सुटतं. त्या बोटभर फटीतून उंदीर आत येतो, विंचू येतो, पुढे उंदरामागे साप येतो. मे महिन्यात माती सर्वात आकसलेली असते तेव्हा इमारतीला पूर्ण एक फेरी मारा, प्रत्येक फटीवर खडूने खूण करा. या फेरीला गवंड्याला बरोबर घ्या.

दाराच्या तळाला बाहेरून बारा इंच उंचीचा जाड गॅल्वनाइज्ड पत्रा ठोका, खाली फट सहा मिलिमीटरपेक्षा कमी राहील असा. उंबरा झिजला असेल तर तो आधी भरून घ्या, नाहीतर पत्रा मधेच लोंबकळतो. खिडक्यांना नायलॉनची जाळी नको, ती उंदीर कातरतो. सहा मिलिमीटरची वेल्डेड लोखंडी जाळी, आणि डासांसाठी तिच्या आतून बारीक जाळी. पाइप भिंतीत शिरतो तिथल्या भोकात भांडी घासायची तारेची घासणी दाबून वरून सिमेंट लिंपा. नुसती घासणी गंजून पडते, नुसतं सिमेंट ओलं असताना उंदीर उकरतो. फवाऱ्याने फुगणारा फोम भरू नका, तो त्याला दातांचा खेळ आहे. छताचा पत्रा आणि भिंत यांच्यातल्या नागमोडी फटी विसरू नका. झाडाची फांदी छताला टेकत असेल तर तीन फूट मागे छाटा.

मग पिंजरे. कोठीखोलीला चार आणि स्वयंपाकघराला दोन पुरतील. भिंतीला चिकटवून, तोंड भिंतीकडेने जाणाऱ्या उंदराच्या वाटेवर. मोठा उंदीर नवी वस्तू बघून बिचकतो, म्हणून पहिल्या तीन रात्री पिंजऱ्याचं दार दोरीने उघडं बांधा आणि आत खाणं ठेवा. चौथ्या रात्री दोरी सोडा. पहिल्याच रात्री लावलेला पिंजरा रिकामा राहतो आणि लोक म्हणतात पिंजऱ्याला उंदीर येत नाहीत. आमिषाला शेंगदाण्याचा कूट गुळात मळून बोराएवढी गोळी करा, तारेला घट्ट बसते. भजीचा तुकडाही चालतो. त्या रात्री पोती झाकलेली आणि फरशी झाडलेली पाहिजे. पन्नास किलो तांदूळ समोर उघडा असताना तुमची गोळी कोण खाईल? सकाळी मुलं येण्याआधी पिंजरे उचलायचे. हे काम मामांचंच, पण त्यांच्या कामाच्या यादीत लिहून द्या, हातमोजे द्या, आणि पंपाऐवजी हे काम दिलंय असं त्यांना सांगा.

विषाबद्दल आमचं मत ठाम आहे: शाळेच्या इमारतीत उंदराचं विष नको. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर नकोच नको. ती यकृत निकामी करते, आणि तिच्यावर उतारा नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांवर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, तरी उंदीर दोन-चार दिवसांनी कुठेतरी छताच्या पोकळीत मरतो आणि पुढचे पंधरा दिवस वासाने वर्ग बंद ठेवावा लागतो. बाहेर घुशीसाठी वापरायचंच झालं तर कुलूपबंद डब्यात, आवाराच्या कडेला, नंबर घालून, आणि नकाशावर टिपून. चिकटपट्टीवर मोठा उंदीर दिवसभर तडफडतो आणि ते मुलांच्या नजरेस पडतं, ती टाळा.

झुरळांकडे वळू. आधी कोणतं ते बघा. करंगळीच्या नखाएवढं, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा, ओट्याच्या फटींत आणि सिलेंडरखाली दिसणारं, ते जर्मन झुरळ. ते घरातच पैदा होतं. बोटाएवढं लालसर ते गटारातून वर येतं. दोघांचे उपाय वेगळे आणि फवारणी दोघांनाही अपुरी, कारण अंड्यांच्या कुपीत औषध पोचत नाही. एका जर्मन मादीच्या कुपीत तीस-चाळीस पिल्लं असतात. तुमची झुरळं महिन्याभरात परत येतात ती यामुळेच.

चिकट कागदाचे छोटे झुरळ-सापळे आणा, सहा पुरे. ओट्याखाली, सिंकखाली, सिलेंडरमागे, नहाणी ट्रॅपजवळ (म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाशी), कोठीखोलीच्या दाराशी, ऑफिसमधल्या चहाच्या टेबलाखाली. दर शुक्रवारी मोजा आणि वहीत लिहा. जर्मन झुरळं सापडली तर फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असं जेल घ्या, घरगुती वापराची नोंद असलेलं. ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका, चौरस मीटरला दोन-तीन, बिजागरीत, फटीत, ओट्याच्या खालच्या कडेला. अन्न किंवा हात लागेल तिथे नाही. आणि त्याच आठवड्यात फवारणी केलीत तर जेल वाया गेलं समजा, कारण फवाऱ्याच्या वासाने झुरळ ठिपक्याकडे फिरकत नाही. पुष्कळ ठेकेदार एकाच फेरीत दोन्ही करतात. त्याने बिल वाढतं, झुरळं नाही कमी होत.

मोठ्या झुरळासाठी नहाणी ट्रॅप बघा. त्यात दोनेक इंच पाणी उभं असतं, तेच गटाराचं दार. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसला टेकतो, शाळा बंद असते, ते पाणी आटतं आणि दार उघडं पडतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर संडासात झुरळांचा बुजबुजाट दिसतो तो इथून आलेला. सुट्टीभर आठवड्याला एकदा प्रत्येक नहाणीत अर्धी बादली पाणी ओता, वरून चमचाभर खाद्यतेल; तेलाच्या थराखाली पाणी हळू आटतं.

भांडी घासायच्या जागेचं खरकटं हा सगळ्यांचा कणा आहे. मोरीला जाळी बसवा, खरकटं झाकणाच्या बादलीत गोळा करा, आणि शाळा सुटायच्या आत ते आवाराबाहेर गेलं पाहिजे. रात्र आवारात काढलेलं खरकटं म्हणजे उंदराला दिलेलं जेवण.

डेंग्यूचं काम मात्र लांबवून चालणार नाही, ते या आठवड्यापासून सुरू करा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे मुलं शाळेत असतात तेव्हाच. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत सात ते दहा दिवस लागतात, म्हणून साठलेलं पाणी उपसायचा कोरडा दिवस आठवड्याला एक, कधीच न चुकवता. सोलापूर शहरात काय आणि आसपासच्या गावांत काय, नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे साठवण्याला पर्याय नाही. प्रश्न झाकणाचा आहे. बॅरलवर जाड कापड घालून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याने आवळा. हौद, टाकी, कूलर नुसते उपसून भागत नाही. एडिस पाण्याच्या वर, ओल्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून भिंती काथ्याने घासायच्या. ऑफिसचा कूलर पावसाळा लागताच पूर्ण कोरडा करून ठेवा. गच्चीवरची जुनी बाकं, फुटक्या कुंड्या, खेळाच्या सामानातले टायर हलवा. उपसता येत नाही अशा हौदाला गप्पी मासे, ते आरोग्य खात्याकडे मिळतात; प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. टाकीत अळीनाशक टाकायचं तर आरोग्यसेवकांनीच टाकावं, मात्रा त्यांना माहीत असते. शौचालयाच्या सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला बारीक जाळी बांधा, क्युलेक्स या दुसऱ्या जातीच्या डासांची ती मुख्य जागा. धूर फवारणीने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. साथीत ती करतात, एरवी तिच्यावर विसंबू नका. कोरड्या दिवसाचं काम सातवी-आठवीच्या मुलांकडे द्यायला हरकत नाही. पाण्यातली वळवळणारी अळी एकदा भिंगाखाली बघितली की मूल घरी जाऊन घरचा रांजणही उपसतं.

वाळवीचं थोडक्यात. दप्तर भिंतीपासून अर्धा फूट पुढे, लोखंडी रॅकवर. भिंतीवरची मातीची नळी फोडून दोन दिवसांनी बघा. दुरुस्त झालेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. मग परवानाधारकाकडून भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर बारीक भोकं पाडून औषध भरून घ्या, सुट्टीत. वरून रॉकेल शिंपडून काही होत नाही. आग्या मोहोळ लागलं तर धूर, दगड, पाणी काहीही नको; खालचा भाग रिकामा ठेवा आणि जाणकार माणूस रात्री बोलवा. सरपण आणि विटांचे ढीग इमारतीपासून लांब ठेवा, तिथे इंगळी विंचू असतो. साप दिसला तर मुलांना मागे घ्या आणि वनविभागाला किंवा सर्पमित्राला कळवा. दंश झाला तर १०८ आणि थेट सरकारी दवाखाना, मधे कुठेही थांबायचं नाही.

दोन छोट्या गोष्टी आज कपाटं उघडून बघा. मुंग्यांचा खडू आणि फळ्याचा खडू दिसायला सारखे असतात. पहिला शाळेत असूच नये. आणि लायब्ररीतल्या, संडासातल्या डांबर गोळ्या काढून टाका, लहान मुलं त्या तोंडात घालतात.

आता करार. ठेकेदार लागेल, वाळवीला आणि कधीतरी जेलला. पण कराराचा मजकूर बदला. दरमहा फवारणीचे पैसे देऊ नका, दरमहा तपासणीचे द्या. कीटकनाशके कायदा १९६८ आणि १९७१ च्या नियमांखाली पेस्ट कंट्रोलवाल्याला परवाना लागतो. त्याची चालू प्रत फाइलला लावा. वापरणार त्या प्रत्येक औषधाचं लेबल आधी मागा, खूण निळी किंवा हिरवीच हवी. प्रत्येक भेटीनंतर कुठे काय दिसलं, काय केलं, किती औषध गेलं, हे त्याने तुमच्या वहीत लिहून सही करावी. फवारणी तुमच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि केलीच तर फटींपुरती, मोकळ्या भिंतींवर नाही. ती शनिवारी शाळा सुटल्यावर व्हावी, त्याआधी दोन दिवस फलकावर सूचना लागावी, दमा असलेल्या मुलांच्या पालकांना वेगळं कळवावं. रविवारभर खिडक्या उघड्या राहाव्यात आणि सोमवारी घंटेआधी बाकं साबणाच्या पाण्याने पुसली जावीत. या अटी वाचून ठेकेदार मागे सरला तर सरू द्या.

संस्थेला पैशाचा प्रश्न पडेलच. पत्रे, जाळ्या, पाट, कोठ्या, गवंडी हा एकदाच होणारा खर्च आहे, वेतनेतर अनुदानात किंवा देणगीत बसवता येईल. फवारणीचा दर महिन्याला होत राहतो. दोन्हींचं अंदाजपत्रक शेजारी शेजारी मांडून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा, आणि सोबत त्या सहा सापळ्यांचे चार शुक्रवारचे आकडे. त्यासाठी वहीला चार रकाने पुरतात: तारीख, जागा, काय दिसलं, काय केलं. वही एका शिक्षकाच्या नावावर हवी, सगळ्यांच्या नावावर असलेली कोणीच लिहीत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांकडे दिलीत तर बरं.

उंदीर कोठीखोलीत एक जरी दिसला तरी त्याच दिवशी हालचाल. स्वयंपाकघरात एक जर्मन झुरळ सापडलं तरी जेल. वर्गात चार मुंग्या दिसल्या तर ओलं फडकं आणि डब्याच्या सांडलेल्या कणांचा शोध, औषध नाही. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही रजेवर असताना कोणी घाबरून पंप आणणार नाही.